आमच्या डोंगरात आधी उतरायचं असतं

कन्नडला हायवेच्या कडेला माझं पंक्चरचं दुकान आहे. पाऊस चांगला लागला की शनिवार-रविवारी संभाजीनगरची पोरं बाइकवर येतात, हवा चेक करायला थांबतात आणि विचारतात, "काका, इथं ट्रेकिंगला चढायचं कुठं?" मी म्हणतो, चढायचं नंतर बघू, आधी उतरायचं बघा.

पोरं हसतात, पण खरंच तसं आहे. पुण्या-नाशकाकडच्या किल्ल्यांना पायथ्याच्या गावातून ताज्या पायांनी चढायचं आणि थकल्यावर उतरायचं. आमचं उलटं. कन्नड पठारावर, शेती पठारावर, गाडी जवळजवळ कड्याच्या काठापर्यंत जाते. तिथून जमीन एकदम खाली खानदेशात तुटते. लेणी, धबधबे, कुंडं सगळी त्या काठाच्या खाली. म्हणजे उतरायला सकाळचा गारवा, आणि चढायला दुपारचं ऊन.

हे मी शहाणपणानं नाही शिकलो. एका एप्रिलात भाच्याला घेऊन पितळखोऱ्याच्या लेण्यांना गेलो होतो. दोघांत एक लिटरची एक बाटली. "जवळच तर आहे" असं मीच म्हणालो होतो. उतरताना दोन घोट, लेण्यात दोन घोट, मग भाच्यानं पाणी तोंडावर मारलं. परतीच्या पायऱ्यांवर पोरगं निम्म्यात बसलं. ओठ पांढरे, "मामा, मला गरगरायलंय." वर बकऱ्या चारणारा एक म्हातारा होता. त्याच्या पाच लिटरच्या कॅनला चारी बाजूंनी ओलं गोणपाट शिवलेलं. त्यानं आधी पोराच्या मानेवर ओला रुमाल ठेवला, मग झाकणानं थोडं थोडं पाणी दिलं, एकदम पिऊ दिलं नाही. मला मात्र पाण्याआधी शिव्या दिल्या. बरोबरच होतं त्याचं.

तेव्हापासून दुकानात जुन्या ट्यूबच्या बोटभर रुंद रिंगा कापून ठेवलेल्या असतात. अशी एक रिंग बाटलीच्या बरोबर मध्यावर चढवायची. पाणी रिंगेपर्यंत आलं की जिथं असाल तिथून माघारी फिरायचं, धबधबा समोर दिसत असला तरी. माणशी दोन लिटर थंडीत, तीन उन्हाळ्यात. खरं तर मार्च ते मे येऊच नका. जुलै ते डिसेंबर आपला मोसम.

पहिल्यांदा येणाऱ्यानं पितळखोरा करावा. काळीमठाकडून रस्ता आहे, गाडी वर लावायची आणि पायऱ्या उतरायच्या. सकाळी नऊच्या आत खाली असलं पाहिजे. लेणी बौद्ध आहेत, सर्वांत जुनी इसवी सनापूर्वीची, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांच्या बरोबरीची. पण इथला दगड ठिसूळ, त्यामुळं बरंच ढासळलंय. लोक दोन फोटो काढून "पडकंच आहे सगळं" म्हणत निघतात. तसं करू नका. विहाराच्या, म्हणजे भिक्षूंच्या राहायच्या लेण्याच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे, तिथं थांबा. जवळच दगडी नाग कोरलाय. कातळातलं पाणी आतून कोरलेल्या पन्हाळीनं आणून त्या नागाच्या फण्यांतून बाहेर सोडायची सोय केलेली. पंपाशिवाय, नळाशिवाय! दिवसभर पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून भोक शोधणाऱ्या मला तरी त्या कारागिराचं लई कौतुक वाटतं. इथली यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या तळहातावर ती घडवणाऱ्याचं नाव कोरलंय, कान्हदास. धंद्यानं सोनार.

चैत्याच्या, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्याच्या खांबांवर देणगी देणाऱ्यांची नावं आहेत. त्यातला एक पैठणचा गांधिक, म्हणजे अत्तराचा व्यापारी. त्याची ओळख सांगून मी पोरांना बजावतो की तुम्ही मात्र बॉडी स्प्रे मारून येऊ नका. अशा कातळात आग्यामोहोळ असतं. वास, धूर, आरडाओरडा, ड्रोन, काहीच त्याला चालत नाही. माशा उठल्याच तर हात झटकायचे नाहीत, तोंड-डोकं झाकून सरळ लांब निघायचं.

पावसाळ्यात नाला ओलांडून पलीकडच्या लेण्यांकडं जायचा मोह होतो. पाणी गढूळ झालं किंवा आवाज वाढला तर अलीकडंच थांबा. पाऊस वर पठारावर पडतो आणि खाली तुम्ही कोरड्यात उभे असता, तेवढ्यात लोंढा येतो. ऑगस्ट 2021 च्या शेवटी आमच्या कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि खाली चाळीसगावात पूर आला, तोही वरच्या पाण्यानंच. सलग दोन दिवस झोडपून पाऊस झाला असेल तर घरी भजी खा.

गौताळा औट्रमघाट अभयारण्य ज्यांना चालणं कमी आणि झाडी जास्त हवी त्यांच्यासाठी. 1986 साली जाहीर झालं, 260 चौरस किलोमीटरचं. गेटवर नोंद करून जायचं. सीतान्हाणीचा धबधबा घरच्या मंडळींना घेऊन होण्यासारखा, तलावापाशी पक्षी बरे दिसतात. बिबट्या आहे, अस्वल आहे, आणि मार्च 2021 मध्ये तर विदर्भातल्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघ इथल्या कॅमेऱ्यात सापडला. म्हणून ब्लूटूथचं गाणं बंद, अंधाराच्या आत बाहेर.

आणि अंतूर. माझा सगळ्यात आवडता, आणि सगळ्यात कमी लोक जातात तो किल्ला. नागापूरच्या बाजूनं जायचं, पुढं विचारत विचारत. वाटेत पठारावर एक चौकोनी दगडी खांब लागतो, निजामशाहीतला. त्याच्यावर कुठला रस्ता कुठं जातो ते फारशीत लिहिलंय. आमच्या हायवेचा हिरवा बोर्ड समजा, फक्त चारशे वर्षांपूर्वीचा. पठार आणि किल्ला यांच्यामधला कातळ माणसानं फोडून तोडलाय, त्या खाचेपाशी मी दरवेळी पाच मिनिटं नुसता उभा राहतो. आत वळणावळणानं दरवाजे, वर तलाव आणि दर्गा. सावली नावाला. तलावाचं पाणी प्यायचं नाही, बरोबर नेलेलंच प्यायचं. खायला भाकरी, ठेचा, कांदा आणि गूळ-शेंगदाणे न्या. वेफर्सनं तहान वाढते आणि पुडे तिथंच उडतात, तेही मला दिसतात.

बुटाचं म्हणाल तर तळवा उलटा करून बघा. टायर जसं झिजून गोटा झालं की ब्रेक लागत नाही, तसंच बुटाचं. शेवाळावर नवीन महागडा बूटसुद्धा घसरतो, पण गोटा झालेला हमखास घसरतो.

राहता राहिली गाडी. या आडरस्त्यांना बाभळीचे काटे फार. ट्यूबलेस टायरमध्ये काटा घुसलेला दिसला की पोरं लगेच पक्कड घेऊन ओढून काढतात आणि मग रानात अडकून बसतात. काटा तसाच राहू द्या. तो भोक धरून ठेवतो, हवा हळूहळू जाते. चाळीसच्या वर पळवू नका, माझ्यापर्यंत पोचाल. रात्री आठपर्यंत दुकान उघडं असतं.