फ्रान्समध्ये सायकलवर फिरताय? लोआरकाठच्या या चुका टाळा

पुण्या-मुंबईहून सायकल घेऊन फ्रान्सला जाणारे आता बरेच झालेत. काही जण पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस या ब्रेवेसाठी, म्हणजे ठरावीक वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडसाठी जातात, 1200 किलोमीटर 90 तासांच्या आत संपवतात आणि सुट्टी उरली म्हणून लोआर नदीकाठच्या रस्त्याला लागतात. काही खास तेवढ्यासाठीच जातात. निघण्याआधी मला फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘ताई, किती दिवसांत होईल?’

‘ला लोआर आ व्हेलो’ हा मार्ग नव्हेरजवळच्या क्युफीपासून अटलांटिकच्या काठावरच्या साँ-ब्रेव्हाँपर्यंत साधारण 900 किलोमीटरचा आहे. मी म्हणते, दोन आठवडे काढा. पलीकडून उत्तर येतं, ‘आम्ही सहा दिवसांत करतोय.’ पुढच्या सगळ्या चुका या सहा दिवसांतूनच निघतात.

ब्रेवेचा हिशोब टूरला लावू नका

दिवसाला 200 किलोमीटर मारणारा माणूस मागे-पुढे पॅनिअर (सायकलला लटकवायच्या सामानाच्या पिशव्या) लावून नदीकाठी आला की त्याचा ताशी वेग 15-16 वर येतो. पायात ताकद नसते असं नाही, तो रस्ताच तसा आहे. थोडा डांबरी, थोडा बारीक खडीचा. मध्येच गावात शिरतो, द्राक्षमळ्यात वळतो. समोरून आई-वडील मुलांना सायकलमागच्या गाडीत बसवून येत असतात. सोम्यूरच्या अलीकडे सूझेमध्ये तर वाट चक्क खडकात कोरलेल्या जुन्या घरांमधून जाते. पिवळसर तुफो दगडाच्या भिंती, अंधार, गारवा. तिथे घंटी वाजवत घुसणारे पाहिले की जीव तुटतो.

दिवसाला 55 ते 65 किलोमीटर पुरे. ब्ल्वा ते तूर जवळपास तेवढंच अंतर आहे आणि वाटेत शोमाँ आणि आँब्वाझ लागतात. त्यातला एकच किल्ला आतून बघा. शाँबोरच्या किल्ल्याला चारशेहून जास्त खोल्या आहेत, त्याला अर्धा दिवस द्यायची तयारी नसेल तर आत जाऊच नका. बाहेरच्या गवतावर बसून छपरावरची धुराडी बघा, तेही खूप आहे. एका दिवसात तीन किल्ले ‘करून’ आलेल्या कुणालाही संध्याकाळी विचारून बघा, कोणता जिना कुठला ते सांगता येत नाही.

रविवार, सोमवार आणि 15 ऑगस्ट

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे आणि एकदा स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगते.

2022चा ऑगस्ट. त्या वर्षी फ्रान्समध्ये भीषण दुष्काळ होता. लोआरच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसत होती. मी, माझा मामेभाऊ आणि त्याची बायको, असे तिघं शनिवारी संध्याकाळी ला शारितेला मुक्कामाला पोचलो. सुपरमार्केट उघडं होतं. भाऊ म्हणाला, ‘ताई, आत्ता कशाला ओझं? उद्या वाटेत घेऊ.’ मीही थकले होते, हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी निघायला सव्वादहा वाजले. दुपारी साँसेरच्या पायथ्याशी आलो तेव्हा खालची दुकानं बंद झाली होती. रविवारी जी उघडतात ती साडेबाराच्या सुमारास शटर ओढतात. वर गावात खाणावळी चालू असणार हे मला माहीत होतं, पण वर जायला दीडशे मीटरचा चढ होता. भाऊ म्हणाला, पुढच्या गावात खाऊ. पुढच्या गावातली बेकरी बंद. त्यापुढच्या गावात बेकरीच्या दारावर वहीचा कागद चिकटवला होता, त्यावर निळ्या शाईत सुट्टीच्या तारखा. मालक ऑगस्टचे तीन आठवडे गावाला गेलेला. कागदाचा एक कोपरा सुटून वाऱ्यावर फडफडत होता आणि आम्ही तिघं तो पुन्हा पुन्हा वाचत उभे होतो.

साडेतीनला भावाची सायकल डुलायला लागली. उतरला तेव्हा हात थरथरत होते, कपाळावर गार घाम. मी काही विचारलं तर भलतंच उत्तर देत होता. स्नायूंमधली साठवलेली साखर संपली आणि रक्तातलीही खाली आली की असंच होतं. इच्छाशक्तीने ते ओढून नेता येत नाही. माझ्या हँडलबारच्या पिशवीत राजगिऱ्याची अर्धी चिक्की निघाली, ती त्याला भरवली. जवळच्या घराच्या अंगणात एक आजी टोमॅटोला पाणी घालत होत्या. माझं फ्रेंच मोडकंतोडकं, पण भावाचा चेहरा बघूनच त्या आत गेल्या. अर्धा कालचा ब्रेड, लोण्याची वडी आणि एप्रनच्या ओच्यात गडद जांभळे आलुबुखार घेऊन आल्या. ब्रेड इतका कडक होता की त्यांनी तो गुडघ्यावर मोडला. पाऊण तास आम्हाला हलू दिलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सोमवार, 15 ऑगस्ट. आपल्याला तो झेंडावंदनाचा दिवस म्हणून माहीत. तिथे तो मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण, सार्वजनिक सुट्टी. सलग दोन दिवस कुलपं. आजींनी सोबत दिलेल्या ब्रेडवर आणि टोमॅटोवर सोमवारची दुपार निघाली.

तेव्हापासून माझी सवय पक्की आहे. शनिवारी संध्याकाळी सातच्या आत दोन दिवसांचं जेवण पिशवीत : ब्रेड, चीज, सफरचंदं, शिजवलेल्या मसुराचा एक डबा. चिक्कीची दोन पाकिटं पॅनिअरच्या तळाशी, ती फक्त अडचणीत फोडायची. खेड्यातल्या बऱ्याच बेकऱ्या सोमवारी बंद असतात. दुपारचं जेवण बारा ते दोनमध्येच मिळतं. अडीचला पोचून ‘काहीही चालेल’ म्हटलंत तरी स्वयंपाकघर बंद झालेलं असतं, आणि रात्रीचं सातच्या आधी सुरू होत नाही. गावाचं घड्याळ तुमच्यासाठी बदलणार नाही. निघण्याआधी तिथल्या सुट्ट्यांची यादी काढा, विशेषतः मे महिन्यातली आणि 14 जुलै.

शाकाहारींनी घाबरू नये. साँत-मोरचं मधोमध गवताची काडी घातलेलं शेळीच्या दुधाचं चीज किंवा साँसेरजवळचं शाव्हिन्योल ब्रेडबरोबर खाल्लं की पोट भरतं. मात्र अशी पारंपरिक चीज बहुधा वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेट या विरजणाने विरजलेली असतात. कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी आधी विचारावं.

पाणी

दुकान बंद असलं तरी गावाची दफनभूमी उघडी असते आणि तिथे फुलांना घालायला नळ असतो. तिथले सायकलवालेही बाटल्या तिथेच भरतात. नळावर ‘नाँ पोताब्ल’ लिहिलं असेल तर ते पाणी प्यायचं नाही. कोणी अंत्यदर्शनाला आलेलं असेल तर बाहेर थांबा.

नदी उतरते म्हणून रस्ता सोपा होत नाही

नदीच्या प्रवाहाबरोबर गेलं की उतार मिळेल, असं सगळ्यांना वाटतं. लोआरकाठी तो उतार पायाला जाणवतसुद्धा नाही. जाणवतो तो वारा, आणि तो बहुतेक वेळा पश्चिमेकडून, समुद्राकडून येतो. नव्हेरहून नाँतकडे निघालात तर तो आठवडाभर छातीवर. मी आता नाँतहून सुरू करते आणि नदीच्या उलट वर जाते. सुट्टीत वाऱ्याशी भांडत बसण्यात मला काही अर्थ दिसत नाही. तरी निघायच्या आदल्या दिवशी तीन दिवसांचा अंदाज बघते, कारण कडक उन्हाळ्यात पूर्वेचाही वारा सुटतो.

फोनला विचारून जवळचा रस्ता काढणारे

शॉर्टकट घेतला की तो हमखास डी952वर नेऊन सोडतो. नदीच्या बांधावरून जाणारा अरुंद रस्ता, खांद्याला घासून जाणारे ट्रक, बाजूला थांबायला जागा नाही. तासाभराची बचत करायला लोक तिथे जातात याचा मला खरंच राग येतो. मार्गावर हिरव्या-पांढऱ्या पाट्या आहेत, चौकाचौकात आहेत, त्या बघत चला. ‘रूत बारे’ दिसलं तर रस्ता बंद म्हणजे बंद. पुरानंतर काठ खचलेला असू शकतो.

डावीकडून चालवायची आपली सवय गर्दीत नाही, रिकाम्या रस्त्यावर दगा देते. विश्रांतीनंतर पुन्हा निघताना पहिल्या वळणावर माणूस नकळत डावीकडे जातो. मी उजव्या ग्रिपला लाल फीत बांधते. आणि पाटी नसलेल्या चौकात उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग ती गल्ली कितीही बारकी असो.

रेल्वे

‘स्टेशनवर गेलो की सायकल चढवू’ हे तिथे चालत नाही. टीजीव्हीत, म्हणजे तिथल्या अतिवेगवान गाडीत, सायकलसाठी मोजक्या जागा असतात, त्याही सगळ्या गाड्यांत नाहीत, आणि पैसे भरून आधी आरक्षण लागतं. नाहीतर चाकं काढून 130 बाय 90 सेंटिमीटरच्या पिशवीत घाला. प्रादेशिक टेर गाड्यांत बऱ्याच ठिकाणी सायकल फुकट जाते, पण काही मार्गांवर उन्हाळ्यात आरक्षण सक्तीचं असतं. पॅरिसहून ऑर्लेआँ आणि ब्ल्वाच्या गाड्या ऑस्टरलिट्झ स्टेशनवरून सुटतात, आँजे-नाँतच्या टीजीव्ही माँपार्नासवरून. सामानासकट चुकीच्या स्टेशनवर पोचलेल्या दोन जोडप्यांचे रडवेले फोन मी घेतले आहेत.

थोडक्यात आणखी काही :

गावाबाहेर अंधारात किंवा धुक्यात चमकणारं जाकीट कायद्याने सक्तीचं आहे. बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं. मोठ्यांनीही घालावंच.

भाड्याची सायकल घेताना व्हॉल्व्ह कोणता ते बघूनच सुटी ट्यूब घ्या.

बेकरीत शिरल्यावर आधी ‘बाँजूर’, मग मागणी. न बोलता बोट दाखवणं तिथे उद्धटपणा वाटतो.

लोआर आवडली म्हणून त्याच सायकलवर थेट कनाल द्यु मिदी गाठू नका. रिके नावाच्या माणसाने 17व्या शतकात खणवलेला, तुलूजपासून सेतकडे जाणारा हा कालवा सुंदर आहे, पण डांबरी वाट तुलूजनंतर जेमतेम 50 किलोमीटर टिकते. पुढे बऱ्याच ठिकाणी माती, दगड आणि प्लेन वृक्षांची मुळं. तिथे 28 मिलिमीटरचे टायर घेऊन जाणारे दुसऱ्या दिवशी तुटलेले स्पोक मोजत बसतात. 40चे टायर लावा. ते जमत नसेल तर तुलूजहून उलट दिशेला, बोर्दोकडे वळा. गारोन कालव्याच्या काठची वाट जवळपास पूर्ण डांबरी आहे.