घरी बीपी कसं मोजावं

अण्णांचं बीपी सकाळी १६२ आलं की आमच्या घरात धावपळ उडायची. आई पापडाचा डबा वरच्या फळीवर लपवायची, दादा दवाखान्यात फोन लावायचा. दहा मिनिटांनी पुन्हा मोजलं की १३८. यंत्रच बिघडलंय म्हणून आम्ही सेलसुद्धा बदलले. यंत्र ठणठणीत होतं. अण्णा पलंगावर मांडी घालून, सदऱ्याच्या बाहीवरच पट्टा गुंडाळून, खिडकीतून भाजीवाल्याशी घासाघीस करत बीपी मोजायचे. एवढ्याने दहा-वीस अंक सहज इकडचे तिकडे होतात.

यंत्र घेताना दंडाला बांधायचं घ्या. मनगटाचं दिसायला सुटसुटीत असतं, पण हात जरा वर-खाली झाला की आकडा बदलतो. पट्ट्यावर दंडाचा घेर लिहिलेला असतो, बहुधा २२ ते ३२ सेंटीमीटर. घरातल्या माणसाचा दंड टेपने मोजूनच दुकानात जा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी उगाच जास्त दिसतं.

मोजण्याआधीचा अर्धा तास चहा, तंबाखू, विडी, मिश्री काही नाही. जिना चढून आल्या आल्याही मोजू नका. लघवीला जाऊन यावं. तुंबलेल्या लघवीनेही आकडा चढतो. मग पाठ टेकता येईल अशा खुर्चीत, दोन्ही पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटं नुसतं बसायचं. आमच्याकडे सगळ्यात अवघड गेलं ते हेच, गप्प बसणं. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या साधारण दोन बोटं वर बांधावा. हात टेबलावर ठेवावा, पट्टा छातीच्या पातळीत येईल असा. टेबल बुटकं असेल तर खाली उशी घ्या. पट्टा फुगत असताना बोलायचं नाही. पहिल्या दिवशी दोन्ही हातांचं मोजून बघा, ज्या हाताचं जास्त येईल तोच हात पुढे कायम धरा.

आता वही. सात दिवस रोज सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे. पहिला दिवस सोडून द्या. उरलेल्या २४ नोंदींची सरासरी काढा. घरची सरासरी वरचा आकडा १३५ किंवा खालचा ८५ याच्या पुढे असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. दवाखान्यात हीच रेघ १४०/९० ला आखतात, कारण डॉक्टरांसमोर बऱ्याच जणांचं बीपी चढतं. एकट्यादुकट्या आकड्यावर गोळी वाढवायची नाही, की बंदही करायची नाही. शेजारच्या काकांची गोळी तर मुळीच घ्यायची नाही. नाडी अनियमित असेल तर यंत्राचा आकडा फसवा असू शकतो, तेव्हा डॉक्टरांकडूनच तपासून घ्या.

आकडा १८०/१२० च्या पुढे गेला तर पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजा. तेवढाच राहिला, पण त्रास काही नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मात्र छातीत दुखतंय, धाप लागलीये, तोंड वाकडं झालंय, एका हातातलं बळ गेलंय किंवा बोलणं अडखळतंय, यातलं काहीही दिसलं तर पुन्हा मोजत बसू नका, सरळ १०८ ला फोन करा. जिभेखाली कॅप्सूल फोडून बीपी ‘उतरवायचा’ जुना उपायही करू नका. बीपी एकदम खाली आलं की मेंदूचा रक्तपुरवठा घटतो.

घरात कुणी वयस्कर बीपीची गोळी घेत असेल आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर बसून मोजल्यावर उभं करून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा, शेजारी कुणीतरी हवंच. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरला, तर वहीत ती ओळ लाल पेनाने लिहा. आमच्या अण्णांची रात्रीची गोळी डॉक्टरांनी त्या लाल ओळीवरूनच कमी केली.