शेतावरची वेधशाळा: पश्चिमेला सरकणारं छत आणि दुर्बिणीचा खांब

सरकत्या छताच्या वेधशाळेचे नकाशे इंटरनेटवर भरपूर मिळतात, पण बहुतेक ४० ते ५० अंश अक्षांशावरच्या लोकांनी काढलेले. तिथे ध्रुवतारा उंच असतो, म्हणून छत उत्तरेकडे सरकवलं तरी चालतं. पुण्याच्या आसपास ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो, सावंतवाडीकडे सोळावर. तोच नकाशा इथे बांधला की उघडलेलं छतच ध्रुवाच्या आड येतं आणि माउंट, म्हणजे दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारी बैठक, ध्रुवाला जुळवता येत नाही. छत दक्षिणेला सरकवणं त्याहून वाईट. ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ पुण्यातून २४ अंशांपर्यंत चढतो, अगस्ती हा तारा १९ आणि मित्र तारा ११. हे वैभव बहुतेक युरोपातून दिसतच नाही, ते पत्र्याआड घालवू नका. छत पश्चिमेला न्या. तिकडचे तारे मावळतीलाच आलेले असतात, त्यामुळे नुकसान सर्वांत कमी.

जागा शक्यतो मुरमाड माळावरची घ्या. ओढ्याकाठी दव आणि धुकं जास्त, आणि काळी जमीन तर खांबाची वैरीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ध्रुवाला जुळवलेला खांब दर हंगामात थोडा कलतो. आजूबाजूला ऊस असेल तर तोडणीनंतर पाचट कुठे पेटवतात तेही पाहून ठेवा. तो धूर दोन-दोन दिवस रेंगाळतो.

उत्तर दिशा होकायंत्रावर सोडू नका, जवळच्या लोखंडाने सुई फसते. रात्री ओळंबा टांगा, त्याच्या दोरीमागे ध्रुवतारा येईल असे मागे उभे राहा, आणि ओळंब्याखाली एक व आपल्या पायाशी एक अशा दोन खुंट्या ठोका. खोली आखायला एवढी रेघ पुरते.

खोली १० बाय १० फूट, खांब बरोबर मध्यात. खड्डा ३ बाय ३ फूट, किमान ३ फूट खोल, पण मुरूम लागेपर्यंत थांबू नका. २७ घनफुटांच्या ठोकळ्याला १:१.५:३ प्रमाणाने सिमेंटच्या ६ पिशव्या, ११ घनफूट वाळू आणि २३ घनफूट वीस मिलिमीटर खडी लागते. वरच्या खांबासाठी आणखी एक पिशवी आणून ठेवा. १२ मिलिमीटरच्या ८ उभ्या सळया, ८ मिलिमीटरच्या रिंगा दर सहा इंचांवर. कोब्याच्या वर २ फूट, १२ इंच व्यासाचा गोल खांब ओता आणि माथ्यावर १६ मिलिमीटरचे चार फाउंडेशन बोल्ट सोडा. ओतताना बोल्टची जागा हलू नये म्हणून भोकं पाडलेली लोखंडी प्लेट आधीच त्यांत अडकवा. दोन आठवडे पाणी मारा आणि वजन अठ्ठावीस दिवसांनंतरच चढवा.

कोबा खांबाला कुठेही चिकटता कामा नये. खांबाभोवती इंचभर थर्माकोल गुंडाळून मगच कोबा करा. गवंडी सवयीने ही फट सिमेंटने बुजवतो, त्या दिवशी समोर उभे राहा. फट बुजली तर खोलीतलं प्रत्येक पाऊल आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात दिसतं.

बोल्टवर सहा इंची लोखंडी नळाचा तुकडा बसवा आणि आत कोरडी वाळू भरा, म्हणजे नळ घुमत नाही. १२ इंची खांबच थेट माउंटपर्यंत नेला तर आपल्या कमी अक्षांशामुळे काउंटरवेटचा (दुर्बिणीचा तोल सांभाळणाऱ्या वजनाचा) दांडा त्यावर आपटतो. नळाची लांबी अशी ठेवा की माउंटचा मध्य जमिनीपासून सव्वाचार फुटांवर येईल.

हा आकडा भिंतीशी बांधलेला आहे. भिंती ५ फूट, म्हणजे माउंटपेक्षा ९ इंच उंच. पाच फुटांवरून हा आडोसा साडेआठ अंशांचा होतो, तेव्हा ध्रुव मोकळा आणि मित्रही कसाबसा वर. माउंट याहून उंच नको. छताची पूर्वेकडची पट्टी उघडताना दुर्बिणीच्या डोक्यावरून जाते. दुर्बीण पार्क करताना, म्हणजे काम संपल्यावर ठेवून देताना, तिची नळी आणि काउंटरवेटचा दांडा दोन्ही आडवे ठेवा, आणि सर्वांत उंच भाग भिंतीच्या माथ्याखाली किमान चार इंच आहे हे टॉर्च मारून पाहिल्याशिवाय छताला हात लावू नका.

भिंती विटांच्या नकोत. दिवसभर पिऊन ठेवलेली ऊब त्या मध्यरात्रीपर्यंत सोडतात आणि ग्रहाची कड उकळल्यासारखी दिसते. दोन फूट जोतं बांधा, त्यावर लोखंडी सांगाडा आणि ८ मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड, बाहेरून पांढरा रंग.

छताला ४० बाय ४० बाय २ मिलिमीटरचा चौकोनी पाइप, वर अर्ध्या मिलिमीटरचा रंगीत पत्रा आणि पत्र्याखाली फोम. उतार पूर्वेकडे, ११ फुटांत १ फूट. बुटकी बाजू खोलीकडे राहिली की उघडल्यावर पश्चिमेचं आकाश सोळा अंशांच्या आसपासच झाकलं जातं. उतार उलटा केला तर त्याच्या दीडपटीहून जास्त. रूळ २१ फुटी, उलटा ठेवलेला अँगल. चाकं सरकत्या गेटची, चार इंची, बेअरिंगवाली. इथे फॅब्रिकेटर दोन्ही रुळांवर व्ही-खाचेची चाकं लावतो. रूळ वेल्डिंगमध्ये दोन-चार मिलिमीटर तिरपे झाले की छत अडकतं. खाचेची चाकं एकाच रुळावर घ्या, दुसरा रूळ सपाट पट्टीचा आणि चाकंही सपाट.

छताचं वजन सुमारे १३० किलो भरतं, पण ते वाऱ्याला पुरत नाही. ताशी पन्नास किलोमीटरच्या पुढे वारा हे छत उचलू शकतो, आणि एप्रिल-मे महिन्यांतला वळीव त्याहून जोरात येतो. चारही कोपऱ्यांत टर्नबकल (फिरवून आवळायचे ताण-स्क्रू), रुळांच्या टोकांना थांबे आणि रुळाखाली अडकणारे हूक, हे पहिल्याच दिवशी बसवा. ‘उद्या वेल्ड करू’ म्हणत ठेवलेलं छत शेजारच्या शेतात सापडतं.

वीज १२ व्होल्टची ठेवा. माउंट आणि दव-हीटर (भिंगावर दव जमू न देणारी गरम पट्टी) मिळून ५-६ अँपिअर, म्हणजे नऊ तासांत १०० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी निम्मी उतरते. वायरी जमिनीखालून पाइपातून न्या, पाइपाची दोन्ही तोंडं जाळीने बंद करा. उंदीर वायर कुरतडतो आणि कुंभारीण माशी उघड्या तोंडात चिखलाचं घर बांधते, दुर्बिणीच्या फाइंडरमध्ये, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीतसुद्धा.

मेअखेर दुर्बीण घरी आणा. पावसाळी दमटपणात भिंगावर आधी ठिपके आणि मग कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते. ती कोटिंग खाते, पुसून जात नाही. हवाबंद डबा, सिलिका जेल, आत छोटा आर्द्रतामापक. काटा ५० टक्क्यांच्या वर गेला की जेल कढईत मंद आचेवर परतून पुन्हा भरा. माउंट वेधशाळेतच ठेवायचा असेल तर श्वास घेणाऱ्या सुती कापडाखाली ठेवा. प्लास्टिकखाली घाम साचून बोल्ट गंजतात आणि ऑक्टोबरात ध्रुव जुळवायचे स्क्रू फिरतच नाहीत.