वजनकाटा, कन्व्हर्टर आणि अर्धवट आकडे

इन्स्ट्रुमेंटेशनची डिग्री घेऊन बाहेर पडलो, तेव्हा सिरियल पोर्ट (एकामागून एक बिट पाठवणारी जुनी जोडणी) म्हणजे लॅबमधलं धूळ खात पडलेलं प्रकरण वाटायचं. पहिलंच काम मिळालं ते एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं. काट्याच्या इंडिकेटरला, म्हणजे वजन दाखवणाऱ्या डब्याला, आरएस-२३२ जातीचा सिरियल पोर्ट, आणि वजन दिसायला हवं दोनेकशे मीटर लांबच्या ऑफिसात. आरएस-२३२ ची केबल पंधराएक मीटरच्या पुढे भरवशाची नाही, म्हणून मध्ये सिरियलवरचा डेटा नेटवर्कवर पाठवणारा सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टर बसवला. त्याला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिला, इंडिकेटरचाच ९६०० बॉड रेट (सिरियलचा वेग) टाकला. आता प्रोग्रामने टीसीपी सॉकेट, म्हणजे कन्व्हर्टरशी नेटवर्कवरचं कनेक्शन, उघडायचं आणि वाचायचं. अर्ध्या दिवसाचं काम, असं मी सांगूनही टाकलं.

टेबलावर झकास चाललं. काट्यावर मात्र उसाने भरलेल्या ट्रॅक्टरचं वजन कधी २४६८०, तर मध्येच ६८० किलो! काटामारीच्या नुसत्या संशयावरून जिथे भांडणं होतात, तिथे स्क्रीनवर असा आकडा.

चूक माझीच होती. टीसीपीला ‘ओळ’ कळत नाही. त्याच्या लेखी सगळा बाइटांचा प्रवाह. ९६०० बॉडला एक अक्षर यायला साधारण १ मिलिसेकंद लागतो. कन्व्हर्टर आलेली अक्षरं थोडा वेळ साठवतो आणि पुढे ढकलतो. त्यात ‘२४’ एका पॅकेटात आणि ‘६८०’ पुढच्यात गेलं. टेबलावरचा माझा नकली इंडिकेटर सेकंदाला एकच ओळ पाठवायचा, म्हणून प्रत्येक ओळ अख्खी मिळायची. खरा इंडिकेटर श्वासही न घेता बोलत असतो, आणि मी एक रिसीव्ह (सॉकेटवरून एकदा वाचणं) म्हणजे एक वजन असं धरून बसलो होतो.

तेव्हा आलेलं सगळं आधी बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) टाका. सुरुवातीच्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंत अख्खा संदेश हाती आल्याशिवाय आकडा काढू नका; लांबी जुळली नाही तर सरळ फेकून द्या. कन्व्हर्टरमध्ये ‘या अक्षरानंतर पॅकेट पाठव’ अशी सेटिंग असते. ती लावा, पण तिच्यावर विसंबू नका.

दुसरा घोळ याहून वाईट. काट्यावरची वीज गेली, कन्व्हर्टर बंद पडला, पण कनेक्शन तुटल्याचा निरोप द्यायलाच कोणी उरलं नाही. प्रोग्राम निवांत वाट बघत राहिला आणि स्क्रीनवर आधीच्या गाडीचं वजन तसंच. लिनक्समध्ये कीपअलाइव्ह (समोरचा अजून जोडलेला आहे का, ही आपोआप चौकशी) चालू केलं तरी पहिली चौकशी मुळात ७२०० सेकंदांनी होते. दोन तासांत किती गाड्या निघून जातील! मग मी साधा नियम केला: २ सेकंदांत नवीन ओळ आली नाही, तर आकडा पुसायचा आणि कनेक्शन पुन्हा जोडायचं.

मीटर किंवा ड्राइव्हशी (मोटर चालवणाऱ्या यंत्राशी) बोलायचं असेल तर मॉडबस भेटेल, म्हणजे अशा यंत्रांची बोलायची ठरलेली पद्धत. तिचे नेटवर्कवरचा टीसीपी आणि सिरियलवरचा आरटीयू असे दोन प्रकार. तिथे एकच ध्यानात ठेवा. मॉडबस टीसीपीला पुढे ७ बाइटांचं हेडर असतं आणि सीआरसी (संदेश बिघडला का ते तपासायचे बाइट) नसतो. आरटीयूला शेवटी २ बाइटांचा सीआरसी लागतो. साधा कन्व्हर्टर यातलं काहीच बदलून देत नाही. फ्रेम (संदेशाची ही मांडणी) चुकली तर पलीकडचं यंत्र एररही देत नाही, गप्प बसतं.

साइटवर गेलात की आधी कन्व्हर्टरच्या सिरियल पोर्टची २ आणि ३ नंबरची पिन जोडून बघा. सॉकेटवर टाइप केलेलं तसंच परत आलं, तर नेटवर्क ठीक. मग शोध केबलमध्ये आणि बॉड रेटमध्ये. मी त्यासाठी जोडून ठेवलेला एक कनेक्टर बॅगेतच ठेवतो. काट्यावरच्या माणसाने एकदा विचारलं होतं, “साहेब, वायर नसलेलं हे काय घेऊन फिरता?”