गुडघ्याच्या वाटीभोवतीचे दुखणे: कारण आणि उपचार

जिना उतरताना, उकिडवे बसताना किंवा बराच वेळ गुडघे दुमडून बसल्यावर उठताना वाटीच्या मागे अथवा भोवती दुखत असेल आणि नेमकी जागा एका बोटाने दाखवता येत नसेल, तर दुखणे बहुधा वाटी आणि मांडीचे हाड यांच्यातील सांध्याचे असते. ते तरुणांत, विशेषतः मुलींत आणि धावणाऱ्यांत, पुष्कळ आढळते. त्यामुळे त्याला सरसकट ‘झीज’ म्हणणे योग्य नव्हे.

वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेतून वर-खाली सरकते आणि शरीराचा भार असताना गुडघा जितका दुमडतो, तितका वाटीमागचा दाब वाढतो. मांडीचे व खुब्याचे स्नायू दुबळे असताना धावण्याचे अंतर किंवा गडांवरची चढ-उतार एकदम वाढवली, की तो दाब सोसवत नाही. निदान मुख्यतः लक्षणांवरून आणि तपासणीवरून होते; एक्स-रेमध्ये सहसा काही दिसत नाही. मात्र गुडघा सुजला, अडकला, पायावर भार घेता येईना, ताप आला किंवा रात्री स्वस्थ पडूनही दुखू लागले, तर अस्थिरोगतज्ज्ञांना लगेच दाखवावे. लहान मुलांत खुब्याच्या विकारातही गुडघाच दुखतो, हेही ध्यानात असू द्यावे.

पूर्ण विश्रांतीने दुखणे थांबते खरे, पण स्नायू आणखी दुबळे होतात. म्हणून जिने, उठाबशा आणि धावणे कमी करावे, सपाट रस्त्यावरचे चालणे सोडू नये. पाठीवर झोपून सरळ पाय वीतभर उचलणे, कुशीवर झोपून वरचा पाय किंचित मागे नेत उचलणे, पुन्हा पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलणे हे व्यायाम प्रत्येकी दहा-बारा वेळा, दोन-तीन फेऱ्यांत, एक दिवसाआड करावेत. ते सोपे वाटू लागले की भिंतीला पाठ टेकून थोडेसेच खाली सरकावे आणि पुढे बुटक्या पायरीवर चढ-उतार करावी. व्यायामात किंचित दुखले तरी चालते. दुसऱ्या दिवशीही ते वाढलेलेच राहिले, तर प्रमाण घटवावे.

किमान सहा आठवडे, बहुधा त्याहून अधिक काळ, हे नेमाने करावे लागते. फिजिओथेरपिस्टकडून लावून घेतलेली चिकटपट्टी सुरुवातीला व्यायाम सुसह्य करते. दुकानातला गुडघ्याचा पट्टा किंवा तेलाची मालिश स्नायूंना बळ देऊ शकत नाही. जिना उतरताना दुखेनासे झाल्यावर आधी अंतर आणि मग वेग, असे थोडेथोडे वाढवत धावणे पुन्हा सुरू करावे.