ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी रुग्णाची पहिली मानसिक तपासणी: टीमप्रमुखासाठी

रुग्ण अ‍ॅबोरिजिनल किंवा टोरेस स्ट्रेट बेटांवरचा असेल तर अ‍ॅबोरिजिनल आरोग्य कर्मचारी पहिल्या भेटीपासून सोबत हवा, अर्थात रुग्णाला विचारूनच. ‘गरज पडली तर बोलावू’ म्हटलं की ती गरज कधी पडतच नाही. आधी माणसं, नाती, मुलूख यांवर बोलणं होऊ द्या, प्रश्नावली नंतर. नैराश्य तपासायच्या पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीची आदिवासींसाठी बदललेली आवृत्ती आहे, ती वापरा. नजर न देणं, लांबलेली शांतता, गेलेल्या नातलगाचा आवाज ऐकू येणं हे लगेच लक्षण म्हणून नोंदवू नका. त्यांच्यात हे नेहमीचं आहे का, ते रुग्णाच्या संमतीने घरच्यांना विचारा; चुकीचं निदान इथेच चिकटतं. मृताचं नाव आपणहून घेऊ नका. ‘सॉरी बिझनेस’ म्हणजे सुतकातले विधी. त्यामुळे अपॉइंटमेंट चुकली तर केस बंद करायची नाही. घरी पाठवताना ‘१३ यार्न’ या आदिवासींसाठीच्या मानसिक संकटातल्या हेल्पलाइनचा नंबर लिहून द्या: १३ ९२ ७६, चोवीस तास.