टाकी कुठे होती? : युद्धकालीन ब्रिटिश विमानांच्या आगींचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांसाठी

धातुशास्त्राची पदवी घेऊन मी पदव्युत्तर शिक्षणासाठी इंग्लंडला गेलो, तेव्हा दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश विमानांची बांधणी आणि त्यांना लागणाऱ्या आगी हा विषय प्रबंधासाठी निवडला. पहिले दोन महिने मी एक तक्ता करण्यात घालवले. लाकडी मॉस्किटो सर्वांत ज्वलनशील, त्याखालोखाल कापडी आच्छादनाचे वेलिंग्टन, मग अर्धे कापडी लढाऊ विमान हरिकेन आणि शेवटी संपूर्ण धातूचे लढाऊ विमान स्पिटफायर, अशी उतरंड मी मोठ्या आत्मविश्वासाने लावली होती. मार्गदर्शकांनी तो तक्ता परत केला, तेव्हा समासात पेन्सिलीने एवढाच प्रश्न लिहिलेला होता की पेट्रोलची टाकी कुठे आहे. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांनी माझे ते दोन महिने वाचवावेत, म्हणून हे लिहितो आहे.

सुरुवात हरिकेनपासून करणे उत्तम. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि धडाच्या मागच्या भागावर ताणून बसवलेले, ‘डोप’ नावाच्या सेल्युलोजयुक्त लेपाने घट्ट केलेले आयरिश लिनन, म्हणजे अळशीच्या धाग्याचे कापड, अशी त्याची रचना होती. हे वर्णन वाचले की आग कापडाने धरली असणार असे वाटते आणि नेमकी तिथेच आपली फसगत होते. हरिकेनच्या दोन मुख्य टाक्या पंखांच्या मुळाशी, वैमानिकाच्या दोन्ही अंगांना होत्या आणि 28 गॅलनची राखीव टाकी इंजिन व कॉकपिट यांच्यामध्ये, म्हणजे जवळजवळ त्याच्या मांडीसमोर होती. पंखाचे मूळ आणि कॉकपिट यांच्यामध्ये ज्वाळा अडवील असा भक्कम पडदा नव्हता, त्यामुळे टाकी फुटली की हवेचा झोत आग थेट आत ओढून आणी. बाहेर उडी मारण्यासाठी वैमानिकाने डोक्यावरचे काचेचे आच्छादन सरकवले की तोच झोत आणखी वाढे. जळणारे कापड त्याच्या पाठीमागे असे, पण हात आणि चेहरा भाजे तो समोरून व बाजूने येणाऱ्या पेट्रोलच्या ज्वाळेने.

पंखांतील टाक्यांवर रबराचे संरक्षक आवरण आधी आले. राखीव टाकी इंजिनाच्या आडोशाला सुरक्षित आहे असे मानले गेल्याने ती मागे राहिली. 1940 च्या उन्हाळ्यात ब्रिटिश हवाई दलाच्या लढाऊ विमानांच्या विभागाचे, म्हणजे फायटर कमांडचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांनी तिलाही ‘लिनाटेक्स’चे आवरण बसवण्याच्या कामाला अग्रक्रम दिला. या रबराची युक्ती सोपी आहे: पेट्रोलचा स्पर्श होताच ते फुगते आणि गोळीचे भोक आपोआप बुजते. रायफलच्या जाडीच्या गोळीपुढे ते टिके. 20 मिलिमीटर तोफगोळ्याने टाकीच फाडली तर बुजवण्यासारखे काही उरत नसे. दोषी कोणती टाकी, पंखातली की समोरची, यावर अभ्यासकांत आजही वाद होतो. 31 ऑगस्ट 1940 रोजी भीषण भाजलेले टॉम ग्लीव्ह यांच्या हरिकेनमध्ये आग पंखाच्या मुळातील टाकीपासून आली होती, म्हणून सगळा दोष राखीव टाकीवर टाकणे मला घाईचे वाटते. ग्लीव्ह पुढे ईस्ट ग्रिन्स्टेडच्या रुग्णालयात शल्यविशारद आर्चिबाल्ड मॅकिंडो यांच्या उपचाराखाली होते आणि तिथल्या रुग्णांनी 1941 मध्ये स्थापन केलेल्या ‘गिनी पिग क्लब’चे ते पहिले प्रमुख सदस्य मानले जातात. युद्ध संपेपर्यंत या क्लबची सदस्यसंख्या 649 झाली होती. विमानांच्या बांधणीच्या अभ्यासकाने शस्त्रक्रियेचे अहवाल कशाला वाचावेत असे मलाही वाटले होते, पण ज्वाळा कोणत्या दिशेने आली हे भाजलेल्या हातांच्या नोंदींतून जितके कळते तितके आराखड्यांतून कळत नाही.

स्पिटफायरची गोष्ट माझ्या तक्त्याला सर्वांत अपमानकारक ठरली. ड्युरालुमिनची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची त्वचा, कापड फक्त काही नियंत्रक पृष्ठांवर. आणि तरीही 85 गॅलन पेट्रोल वैमानिकाच्या पुढ्यात, एकावर एक ठेवलेल्या दोन टाक्यांत. ड्युरालुमिन स्वतः पेट घेत नाही हे खरे, परंतु 500 अंश सेल्सिअसच्या थोडे वर ते वितळू लागते आणि त्याच्या कितीतरी आधी त्याची ताकद ओसरते. पेट्रोलची आग याहून पुष्कळ तापते. ‘न जळणारे’ आणि ‘आगीत टिकणारे’ हे दोन वेगळे गुण आहेत, हे पाठ्यपुस्तकात वाचलेले मला इथे पहिल्यांदा समजले. जाड लाकूड जळते, पण वरून कोळसा होत हळूहळू. पातळ धातू जळत नाही, पण एकदम बसतो. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंची बाब निराळी. चाके आणि इंजिनांचे काही भाग त्यांचे असत, आणि एकदा पेटल्यावर पाणी मारले तर आग आणखी भडके.

वेलिंग्टनवर मात्र थोडा वेळ रेंगाळावे. बार्न्स वॉलिस यांनी आखलेला ड्युरालुमिनच्या पट्ट्यांचा जाळीदार सांगाडा आणि त्यावर लिनन, असे हे बाँबफेकी विमान होते. 18 डिसेंबर 1939 रोजी हेलिगोलंडच्या आखातावर गेलेल्या 22 वेलिंग्टनांपैकी 12 गमावली गेली. भोके बुजवणारे आवरण टाक्यांना नव्हते, गळक्या टाक्यांनी विमाने पेटली, आणि त्यानंतर टाक्यांचे संरक्षण तातडीने हाती घेण्यात आले. कापड तसेच राहिले. आता 7 जुलै 1941 ची रात्र पाहा. म्युन्स्टरहून परतणाऱ्या वेलिंग्टनच्या उजव्या इंजिनाजवळ फुटलेल्या नळीतून पेट्रोल जळू लागले, तेव्हा सार्जंट जेम्स वॉर्ड हे न्यूझीलंडचे सहवैमानिक दोर बांधून पंखावर उतरले. कापडाला लाथांनी भोके पाडून त्यांनी सांगाड्याच्या पट्ट्यांत हातपाय रोवले आणि नळीभोवतीचे जळते कापड विझवले. आसपास कापडच उरले नसल्याने आग पुढे पसरली नाही आणि कालांतराने आपोआप विझली. धातूच्या गुळगुळीत पंखावर त्यांना हात रोवायला जागा मिळाली असती का, हा प्रश्न मी प्रबंधात घातला होता. परीक्षकांनी तो अशास्त्रीय ठरवून वगळायला लावला, पण मला तो अजूनही रास्त वाटतो.

मॉस्किटोबद्दल एक इशारा पुरे. बाल्साच्या गाभ्यावर बर्चचे प्लायवूड आणि वर मदापोलम हे सुती कापड (या कापडाचे नाव आंध्रातील नरसापूरजवळच्या गावावरून पडले) ही रचना पाहून त्याची दुखणी आगीची असतील असे समजू नये. 1944 च्या अखेरीस भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ही विमाने जमिनीवर ठेवावी लागली ती पंखांचे सांधे निखळल्यामुळे. आधी बोट हवामानाकडे आणि सरसाकडे दाखवले गेले, मग कारखान्यातल्या जोडणीतील उणिवाही पुढे आल्या.

कामाच्या पद्धतीविषयी थोडेसे. लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एआयआर 27’ या मालिकेत स्क्वाड्रनांच्या दैनंदिन नोंदी आहेत आणि ‘एव्हिया 6’ मध्ये फार्नबरोच्या संशोधनसंस्थेचे अहवाल आहेत. आधी दुसरी मालिका चाळावी, म्हणजे पहिलीत काय शोधायचे ते कळते. ब्रिटिश गॅलन 4.546 लिटरचे असते आणि अमेरिकन 3.785 चे, माझ्या पहिल्या मसुद्यातली टाक्यांची सर्व मापे या एका चुकीपायी बदलावी लागली. विमानाच्या नावापुढचा मार्क क्रमांक, म्हणजे आवृत्तीचा क्रमांक, कधीही गाळू नये, कारण सुरुवातीच्या हरिकेनचे पंखही कापडी होते आणि नंतरचे धातूचे. आणखी एक अवघड गोष्ट अशी की, आगीचे जे वर्णन हाती येते ते वाचलेल्यांचे असते. ज्या आगीतून कोणी बाहेर पडले नाही तिची नोंद बहुधा एका ओळीची असते, म्हणून वर्णनांची संख्या मोजून धोका ठरवू नये.

जेम्स निकोल्सन यांचे प्रकरण नवोदितांनी पूर्ण वाचावे. 16 ऑगस्ट 1940 रोजी पेटलेल्या हरिकेनमध्ये बसूनच त्यांनी शत्रूवर मारा केला आणि त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे त्यांनी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मॉस्किटो वापरणाऱ्या 27 क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व केले. 2 मे 1945 रोजी बंगालच्या उपसागरावर ज्या लिबरेटर या बाँबफेकी विमानात ते होते त्याच्या इंजिनाला आग लागली आणि विमान समुद्रात कोसळले. लिबरेटर संपूर्ण धातूचे होते.

इंग्लंडला जाणे जमेपर्यंत दिल्लीच्या पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयापासून आरंभ करावा. तिथे हरिकेन आणि स्पिटफायर दोन्ही आहेत. हरिकेनजवळ गेल्यावर शेपटीकडचे कापड पाहण्याआधी पंख जिथे धडाला मिळतो तिथे उभे राहावे आणि वैमानिकाचे गुडघे कुठे येत असतील याचा अंदाज घ्यावा.